ओळखीचा कांदा

माझ्या नातीच्या निबंधात तिसऱ्या पानावर मी होते. नाव नव्हतं, पण मीच होते. ‘पन्नास वर्षांचा अनुभव असलेल्या स्थानिक तज्ज्ञ’, असं इंग्रजीत छापलेलं. मी भिंगारची मॅट्रिक, तेवढं इंग्रजी मला वाचता येतं. चष्मा पुसून ते वाक्य मी दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा सुनेला मोठ्यानं वाचायला लावलं. सून म्हणाली, “आई, कळलं आता.” मला मात्र आणखी एकदा ऐकायचं होतं. एवढी फुगलेली म्हातारी देवळालीत त्या दिवशी दुसरी नसेल.

नात पुण्याला संगणकाचं शिकते. इंजिनियर झाली, आता त्याच्या पुढचं चाललंय. मागच्या उन्हाळ्यात ती कॉलेजचं काम म्हणून आमच्याकडं येऊन राहिली. काम काय, तर कांदा. मोबाइलनं कांद्याचा फोटो काढायचा आणि मोबाइलनंच सांगायचं, हा एक नंबर, हा दोन नंबर, ही बारकी गोल्टी आणि हा बदला. बदला म्हणजे सडायला लागलेला, कांदा साठवायच्या चाळीतून आजच्या आज बाहेर काढायचा.

मी म्हटलं, “हे तर मी फुकटात सांगते.”

“आजी, तू एका चाळीत असतेस. मोबाइल सगळ्या चाळींत असेल.”

मी तिला ताक दिलं.

तिनं मला समजावलं ते असं. यंत्राला स्वतःचं काही कळत नाही. त्याला हजारो फोटो दाखवायचे आणि प्रत्येक फोटोबरोबर जाणत्या माणसाचं उत्तर द्यायचं. त्या उत्तरांवरून ते शिकतं. म्हणून उत्तर देणारं माणूस पक्कं पाहिजे. असं माणूस एक असून चालत नाही, दोघांनी वेगवेगळं बसून सांगायचं आणि मग जुळतंय का ते बघायचं.

वैशाखापासून ती वस्त्यावस्त्यांवर फिरली. स्कूटीवरून जायची, लोकांच्या चाळीत शिरायची, एकेक कांदा घमेल्यात, ताटात नाहीतर पोत्यावर ठेवायची आणि फोटो काढायची. मी म्हटलं, एखादं पांढरं फडकं तरी अंथर, स्वच्छ दिसेल. तर म्हणाली, उद्या शेतकरी काय फडकं घेऊन हिंडणार आहे? त्याच्या चाळीत जसं असतं तसंच यंत्रानं बघायला पाहिजे. कोणाचा कांदा कोणता, हे मात्र तिनं कुठंही ठेवलं नाही. फोटोवर नुसता आकडा. कोणाच्या ताटावर नाव कोरलेलं दिसलं तर तेवढा भाग कापून टाकायची. मला याचं फार कौतुक वाटलं. केवढी काळजी घेते पोरगी, असं मी शेजारी जाऊन सांगून आले.

दोन जाणत्या बायका ठरल्या. एक मी. दुसरी पाथर्डीकडची, आमच्याकडं दर उन्हाळ्यात कांदे निवडायला येते आणि दसरा झाला की नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते. चाळिशीची असेल. हात असा चालतो की बघत राहावं. दुपारच्या वेळी ती ओट्यावर बसायची आणि मी आत पलंगावर. टॅबलेटवर एकेक फोटो यायचा आणि आम्ही बोटानं दाबायचो. आधी ती, मग मी. जिथं आमचं जुळायचं नाही तिथं काय करायचं, हे नातीनं तिच्या सरांना विचारलं. सर म्हणाले, ज्येष्ठ तज्ज्ञाचं धरा. ज्येष्ठ तज्ज्ञ कोण? अर्थात पलंगावरची.

आता मी केलं ते सांगते. लपवून आता उपयोग नाही, आणि लपवायची हौसही राहिली नाही.

फोटोवर नाव नव्हतं, पण मला नावाची गरजच नव्हती. पन्नास वर्षं मी या गावच्या चाळींत बसले आहे. निळ्या ताडपत्रीला पिवळं ठिगळ आहे ना, ती ओढ्याकाठची. गोणीवर लाल शाईचा स्वस्तिक असला की तो सरपंचांच्या वस्तीवरचा. घमेल्याचं भोक डांबरानं बुजवलंय, ती माझी चुलत जाऊ. कधी फोटोच्या कोपऱ्यात नुसतं एक बोट यायचं, त्यावरच्या गोंदणावरून मी माणूस ओळखायची. आणि ओळखीच्या माणसाचा कांदा मी बदल्यात टाकत नाही. मान मऊ पडलेली दिसली तरी दोन नंबर. काळ्या बुरशीची काजळी थोडी असली तर पुसली जाईल, एक नंबर. बोट आपोआप तिकडं जायचं. त्यात लबाडी होती असं मला वाटतही नव्हतं. मला ते वळण वाटायचं.

हे वळण मला कसं लागलं, तेही सांगावं लागेल. त्यासाठी भिंगारहून आलेल्या त्या शहाणीला पुढं उभं करते.

माझे वडील लष्कराच्या गोदामात साधे मुलकी कारकून होते. बूट, कांबळी, पट्टे तपासायचे आणि पास किंवा नापासचा शिक्का मारायचा, एवढंच त्यांचं काम. घरीसुद्धा माणसाकडं ते तसंच बघायचे आणि मी त्यांची लाडकी. एकोणीस वर्षांची मी लग्न होऊन देवळालीला आले तेव्हा कांद्याला फूल येतं हे मला माहीत नव्हतं, पण जगातल्या कुठल्याही वस्तूला नापास करायचा हक्क आपल्याला आहे याबद्दल खात्री होती. पहिल्या उन्हाळ्यात सावडीला गेले ती पायात सँडल घालून. सावड म्हणजे आज सगळ्या बायका तुझ्या चाळीत, उद्या माझ्या. त्या दिवशी पाळी चुलत जावेची होती. मी मध्यभागी बसले, कांदा उचलला, उजेडाकडं धरला आणि म्हटलं, “नापास.” दुसरा उचलला, “नापास.” बायका गप्प झाल्या, तर मला वाटलं माझ्या हुशारीनं दबल्या. दुपारपर्यंत टाकलेल्यांचा ढीग चांगल्यापेक्षा मोठा झाला. तेवढ्यात व्यापारी आला. फाटकातूनच त्यानं तो ढीग बघितला, मोटारसायकल वळवली आणि गेला. जावेनं मला चहा दिला, बशीसकट, पाहुणीला देतात तसा. त्यानंतर दोन उन्हाळे ती आमच्या सावडीला आली नाही आणि तिच्यामागं आणखी चारजणी आल्या नाहीत. आमचे कांदे मी आणि सासूबाई दोघींनी निवडले.

सासूबाई भांडल्या नाहीत. कांदे निवडता निवडता एवढंच म्हणाल्या, “दुसऱ्याच्या चाळीत हात जड करू न्हाई, बाई. शंका आली का कांदा चांगल्यात ठिवायचा. टाकायचा त्यो जिचा तिनं. पाव्हनीनं टाकायचा न्हाई.”

ती मुलगी आज माझ्यासमोर आली तर मी तिला चाळीच्या फाटकातच अडवीन. पण गंमत अशी की नातीला हवी होती ती तीच, सँडलवाली, नापास म्हणणारी. आणि मी तिला पन्नास वर्षांपूर्वीच घालवून दिलं होतं.

नातीचं पहिलं भाषण नगरच्या एका कॉलेजात झालं. राष्ट्रीय परिषद असं कापडी फलकावर लिहिलेलं होतं. मी दुसऱ्या रांगेत, गजरा माळून. दिवा लावायला चार जण पुढं गेले आणि वरचा पंखा बंद करायचं कोणाच्या लक्षात येईना, त्यामुळे काड्याच जास्त गेल्या. मग सत्कार. ज्यांचा सत्कार झाला त्यांनी सत्कार करणाऱ्यांचा सत्कार केला. प्रमुख पाहुण्यांनी त्यांच्या संस्थेत पहिला संगणक कसा आला, त्याला नारळ कसा फोडला आणि तो कुठल्या खोलीत ठेवला, हे सगळं सविस्तर सांगितलं. नातीला पंधरा मिनिटं ठरली होती, मिळाली चार. ती घाईनं बोलली. लोक जेवणाच्या वासाकडं बघत होते. शेवटी तिचे सर म्हणाले की या संशोधनामागची खरी शक्ती इथं बसली आहे, आणि मला वर बोलावलं. शाल, श्रीफळ. टाळ्या नातीपेक्षा मला जास्त पडल्या आणि मी त्या घेतल्या.

पाथर्डीवाली त्या दिवशी आमच्याच चाळीत होती. तिला बोलवावं असं कोणाला सुचलं नाही, मलाही नाही. घरी येऊन मी तिला शाल दाखवली. तिनं कापड बोटात धरून बघितलं. “ऊब नाय हिच्यात, काकू,” म्हणाली, “पर झाक हाय.”

मग खरी परिषद आली, परदेशातली. नातीनं निबंध तिकडं आधीच पाठवून ठेवला होता. तो तीन परीक्षकांनी वाचला. हे तिघं कोण, कुठले, बाई का बाप्या, कोणालाच माहीत नसतं. मी म्हटलं, आमच्या वेळी मुलगी बघायला यायचे त्यांचं निदान तोंड तरी दिसायचं. दोघांनी बरं म्हटलं. तिसरा अडून बसला. त्यानं विचारलं, कांद्याची उत्तरं ज्यांनी दिली त्या बायका निःपक्ष आहेत हे कशावरून? नातीनं झटक्यात उत्तर लिहिलं की फोटोवर फक्त आकडा होता, कांदा कोणाचा हे दोघींपैकी कोणालाही ठाऊक नव्हतं. त्यावर तिसरा वळला. निबंध घेतला गेला. ते वाक्य तिनं निबंधातही घातलं.

आणि त्याच्या मागोमाग एक पत्र आलं. तिकडच्या एका प्राध्यापक बाईंनी निवडलेल्या निबंधांची यादी बघितली होती. त्यांच्या प्रयोगशाळेत संशोधनाची एक जागा होणार होती. परिषदेला येताय तर भेटा, असं लिहिलं होतं. दोन वर्षं ही पोरगी जगभर पत्रं लिहीत होती. एकाचंही उत्तर आलं नव्हतं, नाही म्हणायलासुद्धा नाही. त्या दिवशी तिनं ते पत्र आधी बापाला वाचून दाखवलं, मग आईला, मग मला. नंतर ओट्यावर जाऊन एकटीच बसली. आनंद झाला की ती अशी गप्पच होते.

निबंधाची शेवटची प्रत पाठवायची होती त्या आठवड्यातल्या रविवारी तिनं घरीच भाषणाची तालीम केली. टीव्हीला तार जोडली, आम्हा सगळ्यांना समोर बसवलं. मराठीतूनच बोलत होती, आमच्यासाठी. सगळं छान चाललं होतं. मग म्हणाली, “आता यंत्र कुठं चुकतं ते बघू.” पडद्यावर एक कांदा आला, टीव्हीएवढा मोठा. “यंत्र म्हणालं, बदला. सत्य काय आहे? एक नंबर. म्हणजे इथं यंत्राची चूक झाली. अशा चुका कमी करायला मला दीड महिना लागला.”

त्या कांद्याच्या मानेपाशी काजळी होती. टीव्हीवर तर ती काळ्या बांगडीएवढी दिसत होती. घमेल्याला डांबर लावलेलं. चुलत जावेचा कांदा. आणि पडद्यावर त्याच्याखाली हिरव्या अक्षरात, सत्य: एक नंबर.

त्याला सत्य म्हणतात हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. मला वाटायचं, मी मत देते. पोरगी दीड महिना बसली होती ती बरोबर बोलणाऱ्या यंत्राला गप्प करायला. ते बिचारं नापास म्हणत होतं आणि ती त्याला दटावत होती. आम्ही आजी-नातीनं मिळून त्याला सावडीला जायला शिकवलं होतं.

“आजी, झोप लागली का?” नात म्हणाली.

“ऐकतेय,” मी म्हटलं.

तीन दिवस मी बोलले नाही. बोलायचं म्हटलं की परदेशातल्या त्या बाईंचं पत्र डोळ्यासमोर यायचं. कोणाला कळणार होतं? फोटो ओळखणारी मी एकटी. मी मेले की प्रश्न मिटला, आणि माझं वय काही कमी नाही. असाही हिशोब मी मनात केला, हे लिहिताना लाज वाटते, पण केला. मग वाटायचं, तिकडं कोणी उभं राहून विचारलं तर? ही पोरगी छाती काढून सांगेल की कोणालाही ठाऊक नव्हतं. ती खोटं बोलतेय हे तिलाच माहीत नसेल. माझ्यामुळं. उद्या हाच मोबाइल एखादीला सांगेल, कांदा चांगला आहे, ठेव, आणि तिची अर्धी चाळ पाणी होऊन वाहील.

गुरुवारी सकाळी ती पोहे खात होती. शुक्रवारी प्रत पाठवायची होती. मी समोर बसून सांगितलं. जेवढं वर लिहिलंय तेवढंच, सँडल सोडून.

तिनं चमचा खाली ठेवला. “किती?”

“मोजले नाहीत.”

“अंदाजे सांग ना, आजी.”

“ओळखीचे होते तेवढे.”

“ओळखीचे किती होते?”

“गाव आपलंच आहे, बाई.”

ती उठली, हात न धुता. मागच्या दारात गेली. मग सरांना फोन लावला. स्पीकरवर लावला, मला ऐकू जावं म्हणून की काय कोण जाणे.

सर म्हणाले, “असं थोडंफार सगळ्यांनीच गोळा केलेल्या माहितीत असतं. आजींचं वय बघ, त्यांना आता आठवत असेल तेच खरं कशावरून? तू एक कर. कोणालाही ठाऊक नव्हतं हे वाक्य काढून टाक. बाकी राहू दे.”

“सर, त्या वाक्यावरच तिसऱ्यानं हो म्हटलं.”

“वाक्य काढायला बंदी नाही. विचार कर. अशी संधी पुन्हा येत नाही.”

फोन ठेवल्यावर ती माझ्याकडं वळली. आवाज चढवला नाही. मला वाटतं, चढवला असता तर बरं झालं असतं. “एक उपाय आहे,” म्हणाली. “तू पुन्हा बस. जिथं तू मुद्दाम वर चढवलंस तिथं खूण कर. मी तेवढे फोटो काढून टाकते, बाकीच्यांवर पुन्हा यंत्र चालवते. उद्यापर्यंत होईल.”

मी बसले. चहाला उठले नाही, औषधाला उठले नाही. सुरुवातीला पटापट खुणा केल्या. मग हात मंदावला. एक कांदा समोर आला, बऱ्यापैकी, थोडी पत्ती सुटलेली. हा मी दोन नंबर का म्हटला होता? खराच होता म्हणून, की पोत्यावर लाल स्वस्तिक होता म्हणून? मी तो डोळ्याजवळ नेला, लांब नेला. मला कळेना. तो कांदा मला चांगलाच दिसत होता. माझे डोळेच तसे झाले होते. पन्नास वर्षांत खोटं कुठं संपतं आणि नजर कुठं सुरू होते, याची शिवण सापडेना. शुक्रवारी दुपारी मी टॅबलेट तिच्या हातात दिला. म्हटलं, “माझ्याच्यानं नाही होत.”

ती म्हणाली, “बरं.”

मग ती मागं अंगणात गेली. पाथर्डीवाली बोचकी बांधत होती, दुसऱ्या दिवशी टोळीचा ट्रॅक्टर यायचा होता. मी दारातून ऐकत होते.

“मावशी, आजी कांदे ओळखत होती, हे तुला माहीत होतं?”

“म्हाईत व्हतं की. काकू वळखीचा कांदा टाकीत नाय. समद्या बायांला म्हाईत हाय.”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“तू इचारलं कुठं? तू कांद्याचं इचारलं. काकूचं नाय इचारलं.”

“तुझी उत्तरं खोडली जात होती. तुझी बरोबर होती.”

ती दोरी ओढत म्हणाली, “मपल्या हातून चांगल्यात एक सडका गेला का मालक दुसऱ्या दिशी कामावर घेत नाय. मला टाकावाच लागतो. काकूचं तसं नाय. तिला गावात ऱ्हायाचंय.”

तिच्या आवाजात राग नव्हता. मी दारातून मागं सरले.

त्या परिषदेच्या वेळेची एक गंमत आहे. शेवटचा दिवस म्हणजे पृथ्वीवर सगळ्यात शेवटी जिथं दिवस संपतो तिथली वेळ धरतात. आपल्याकडं तोवर दुसऱ्या दिवशीचे संध्याकाळचे साडेपाच वाजतात. नातीनं हे सांगितलं तेव्हा मला ते फार मोठ्या मनाचं वाटलं होतं, शेवटच्या पाशिंजरासाठी एसटी थांबवून ठेवावी तसं. त्या शुक्रवारी मात्र वाटलं, एवढा वेळ द्यायलाच नको होता.

पाचाच्या सुमारास ती लॅपटॉप घेऊन बसली. मी शेजारी. एका पाथर्डीवालीच्या उत्तरांवर निबंध उभा राहत नाही, दोघी लागतात, हे तिनं मला आधीच सांगितलं होतं. वाक्य काढून टाकून पाठवायचं, की निबंधच मागं घ्यायचा, एवढंच उरलं होतं. तिनं निबंध उघडला. तिसरं पान काढलं. कोणालाही ठाऊक नव्हतं, हे वाक्य काळं केलं, म्हणजे निवडलं. एक बटण दाबलं असतं तर गेलं असतं. बोट त्या बटणावर होतं. खरं सांगते, मला वाटत होतं तिनं ते दाबावं.

तिनं पान बंद केलं आणि पत्र लिहायला घेतलं. चार ओळींचं. मी चष्म्यातून वाचलं. निबंध मागं घेत आहोत, कारण उत्तरं देणाऱ्या दोघींपैकी एकीनं कांदे कोणाचे ते ओळखले होते, असं.

मी म्हटलं, “एकीनं कशाला, आजीनं लिही. तुझ्यावर नको यायला.”

“तिथं नाती लिहीत नाहीत.”

पाच वाजून वीस मिनिटांनी तिनं ते पाठवलं. लगेच उत्तर आलं, यंत्रानंच दिलेलं, कळवल्याबद्दल धन्यवाद म्हणून. मग तिनं प्राध्यापक बाईंना वेगळं लिहिलं. ते तिनं मला वाचू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती पुण्याला गेली. जाताना पाया पडली. बसमध्ये चढताना एरवी मागं वळून हात करते, त्या दिवशी केला नाही. खिडकी उघडायला लागली आणि तेवढ्यात बस हलली. असंही असेल. प्राध्यापक बाईंचं उत्तर पंधरा दिवसांनी आलं. तिचं वागणं योग्य होतं, असं लिहिलं होतं, आणि यंदाची जागा भरली गेली आहे, असंही.

हिवाळ्यात ती सगळे फोटो घेऊन ऊसतोडीच्या फडावर जाऊन आली. पाथर्डीवालीकडून पुन्हा पहिल्यापासून उत्तरं घेतली, या वेळी तिला कामाच्या दिवसाची मजुरी देऊन. दुसरी बाई गावाबाहेरची लागणार होती. मी म्हटलं, माझी भिंगारची एक मैत्रीण आहे, बाजारात कांदे विकायची. नात म्हणाली, “आजी, तू सुचवू नकोस.” प्रेमानंच म्हणाली.

परिषद झाली त्या दिवशी ती घरी होती. त्यांची भाषणं लॅपटॉपवर बघता येत होती, आपल्याकडं दुपार होती. तिच्या वेळेला दुसरीच एक मुलगी बोलायला उभी राहिली, कुठल्याशा देशातली, लहानशी. तीही कुठल्यातरी फळाचं बोलत होती. मी दारात उभी होते. नातीनं खुर्ची थोडी सरकवली, मी शेजारी बसले.

त्या मुलीनं पडद्यावर एक तक्ता दाखवला. नातीनं मला सांगितलं, “हे बघ, यांच्या जाणकारांचं एकमेकांशी किती जुळतं ते. खूप जुळतंय.” मग म्हणाली, “फारच जुळतंय.”

तिथं प्रश्न लिहून पाठवायची सोय होती. तिनं लिहिलं. मी वाचलं. फळं निवडणारी माणसं कोण होती, आणि ती बागवाल्यांना ओळखत होती का, असा प्रश्न होता. तो खाली एका रांगेत जाऊन बसला. त्याच्या वर दोन प्रश्न होते, यंत्राविषयीचे. त्या मुलीनं पहिल्याचं उत्तर दिलं, मग दुसऱ्याचं. पडद्यावरचा माणूस घड्याळाकडं बघून हसला, तिचे आभार मानले आणि पुढच्याचं नाव घेतलं.

नात तशीच बसून राहिली, बोट कळफलकावर ठेवून. मीही बसले. तिचा प्रश्न खाली तसाच होता.